ढोले सरांची भट्टी

ढोले सर कुठल्याच वस्तूला नाक लावत नसत. रसायनाची बाटली असो, चहाचा कप असो, की देवासाठी आणलेलं जाईचं फूल असो, ते ती वस्तू छातीपासून वीतभर लांब धरायचे आणि मोकळ्या हाताचा तळवा तिच्यावरून स्वतःकडे हलकेच ओढायचे, जसं कुणी लाजऱ्या मुलाला जवळ बोलवावं. प्रयोगशाळेत वायू असाच हुंगायचा असतो, हे त्यांनी सौसरच्या शाळेतल्या कितीतरी पोरापोरींना शिकवलं होतं, आणि शिकवता शिकवता ती सवय त्यांच्या हाताला कायमची जडली होती. बाजारात संत्र्यांच्या ढिगापुढे उभं राहून ते असा हात हलवू लागले की संत्रीवाली म्हणायची, "सर, जादू करून राहिले का जी?"

मी त्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा सर निवृत्तीला टेकले होते. पहिल्याच महिन्यात एका सोमवारी मी स्टाफरूममध्ये येऊन बसले, तर ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज थेट पांढुर्ण्याहून आल्या. पिशवीत आईनं दिलेलं मेतकूट आहे. थोडं जास्त भाजल्या गेलं या खेपेला." पिशवीची गाठसुद्धा मी सोडली नव्हती. संध्याकाळी डबा उघडून पाहिलं, तर मेतकूट खरंच करपलेलं होतं.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. सौसरला मी एकटी राहायचे, भाड्याच्या खोलीत, आणि ती खोली नेमकी सरांच्या घरामागे होती. त्यांची सांदवाडी, म्हणजे परसदार, आणि माझं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून शकूकाकूंची आणि माझी देवाणघेवाण चालायची: सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात), विरजण, गावातल्या बातम्या. शकूकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. मोहगावला संत्र्याच्या बगिच्यात वाढलेल्या, बोलायला मोकळ्या, आणि सरांच्या "निरीक्षण आधी, निष्कर्ष मागून" या पालुपदाला पुरत्या कंटाळलेल्या. "माह्या हातच्या भाजीचंबी निरीक्षण करते हा माणूस," त्या म्हणायच्या. "सारे जन जेवते, हे आधी तपासते." पण तपासून झाल्यावर सर डोळे मिटून जी मान हलवायचे, ती पाहायला काकू हातात पळी घेऊन दारात थांबायच्या, हेही मी भिंतीवरून पाहिलेलं आहे.

सर निवृत्त झाले, आणि मग ती तापाची साथ आली. सर त्यातून घरीच, फार त्रास न होता, बरे झाले. ताप उतरला, खोकला गेला, आणि एका सकाळी त्यांनी चहाच्या कपावरून हात ओढला, तर कप नुसता गरम होता. एवढंच. चहा नव्हता त्यात.

पुष्कळांचा वास तेव्हा गेला होता आणि पुष्कळांचा परत आला. सरांचा आला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल किंवा येणार नाही, रोज लवंग, लिंबू, कापूर असं काहीबाही हुंगत जा. सर रोज सकाळी ओळीनं वाट्या मांडून बसायचे, हजेरी घेतल्यासारखे. एकाही वाटीतून "हजर" यायचं नाही. हळूहळू त्यांचं जेवण सुटलं. पोळी म्हणजे ओलं फडकं, वरण म्हणजे कोमट पाणी, असं ते तक्रार न करता, नोंद सांगावी तसं सांगायचे. शर्ट खांद्यावर हँगरला अडकवल्यासारखे लोंबू लागले. काकूंनी भाजीत तिखट वाढवलं, फोडण्या वाढवल्या, शेवटी रडून पाहिलं. सर म्हणाले, "शकुंतला, तुझी भाजी चांगलीच असणार. माझ्यापर्यंत येऊन नाही राहिली."

त्या पावसाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांचं एक पुस्तक परत करायला गेले. दारापाशीच मला गॅसचा वास आला, असा दाट की घसा बंद व्हावा. आत सर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शांत बसले होते. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच उघडं होतं. काकू बाजारात गेल्या होत्या. सरांना दूध दिसलं, शेगडी विझलेली दिसली, आणि पुन्हा पेटवायला म्हणून त्यांनी माचिस हातात घेतली होती.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सरांचा हात थांबला. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांचं मनगट धरून त्यांना सांदवाडीत ओढत नेलं. तिथे पेरूच्या झाडाखाली उभं राहून ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "गॅसला स्वतःचा वास नसते मॅडम. तो मुद्दाम घालतात. आपल्याला कळावा म्हणून. दरवर्षी शिकवत आलो मी हे."

काकू आल्या, ऐकलं, आणि पिशवी हातात तशीच धरून पायरीवर बसल्या.

त्या दिवसापासून काकूंनी सरांना एकटं सोडून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दळण मी आणायचे, भाजीवाला दारात यायचा. मोहगावहून त्यांच्या भावाचा, बंडूभाऊंचा, फोन आला: मुलगी बाळंतपणाला येणार, तिच्या आईचे गुडघे गेलेले, ताईनं दिवाळीनंतर महिनाभर यायलाच पाहिजे. ती मुलगी काकूंच्या मांडीवर वाढलेली. मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते, म्हणून ऐकलं. काकू म्हणाल्या, "नाही जमत रे बंडू. यायले एकटं सोडून मले कुठंच नाही येता येत आता." मग बराच वेळ नुसतं हुं हुं. फोन ठेवून त्या वळल्या तेव्हा सर त्यांच्या मागेच, दारात उभे होते. सर आत गेले.

पुढच्या आठवड्यात नागपूरला तपासणी होती. परतताना तिथल्या भाच्यानं दोघांना बळेच एका नव्या हॉटेलात नेलं. तिथे विटांची घुमटासारखी भट्टी होती, आत लाकडं जळत होती, आणि तिच्यातून पिझ्झा निघत होते. काकूंना तो प्रकार बिलकूल आवडला नाही. सरांनी मात्र अख्खा खाल्ला. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन त्यांनी मला हाक मारली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, किती महिन्यांनी, प्रयोगाच्या दिवशी असायचं ते तेज होतं.

"मॅडम, आवाज होता त्याला!"

"कशाला, सर?"

"कडेला. करपलेली कड होती, दाताखाली वाजत होती. आत गरम, मऊ, वरून कुरकुरीत. नाक नाही म्हणून काय झालं? दात आहेत, कान आहेत, जीभ आहे अर्धी. आणि दुसरं पाहा, लाकडाचा विस्तव डोळ्याला दिसतो, कानाला ऐकू येतो. त्याच्यासाठी वास लागत नाही. मी भट्टी बांधून राहिलो."

काकू मागून म्हणाल्या, "चूल मांडून देतो न मी. रोडगे गोवरीत भाजून होते, त्याले कायले घर बांधा लागते?"

"चुलीची आच खालून, शकुंतला. घुमटाची वरूनही येते." मग दुसरीकडे पाहत ते म्हणाले, "आणि तू मोहगावला जाशील तेव्हा मी काय खाऊ?"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत निघून गेल्या.

भट्टी पेरूच्या झाडापलीकडे, भिंतीजवळ ठरली. ओटा एका गवंड्यानं बांधून दिला; पुढचं सारं सरांनी स्वतः करायचं म्हटलं. लाल विटा लोधीखेड्याकडच्या वीटभट्टीतून आल्या. तळाला आच सोसणाऱ्या पिवळसर विटा हव्या होत्या, त्या एका बंद कारखान्याच्या भंगारात मिळाल्या. माती काकूंनी कालवली. तिच्यात रेती, गव्हाचं कुटार म्हणजे भुसा, थोडं शेण. आधी नाक मुरडणाऱ्या काकू माती पायानं तुडवायला लागल्या तेव्हा त्यांना माहेरच्या भिंती लिंपतानाची गाणी आठवली, आणि आम्ही रविवारी दुपारभर ती ऐकत विटा देत-घेत राहिलो. सरांनी ओट्यावर ओल्या रेतीचा गोल ढीग रचला, त्याच्यावर भिजवलेले कागद चिकटवले आणि त्या ढिगावरून विटा गोल गोल चढवत नेल्या. वरची शेवटची वीट बसवायची तेव्हा त्यांनी ती काकूंच्या हातात दिली.

गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, सर धाबा काढून राहिले. दूधवाल्याच्या आईला वाटलं, मारोतीचं देऊळ होऊन राहिलं. तिनं येऊन घुमटाला हळदकुंकू लावलं, जास्वंदाचं फूल ठेवलं आणि नमस्कार करून गेली. सर म्हणाले, "निष्कर्ष चुकला, पण भाव चांगला आहे." फूल त्यांनी काढलं नाही.

खरी चूक त्यांच्याकडूनच झाली. रेती काढल्यावर घुमट निदान काही आठवडे वाळू द्यायचा, मग रोज छोटा छोटा विस्तव करून त्यातलं पाणी हळूहळू घालवायचं, हे त्यांनीच आम्हाला समजावलं होतं. पण दिवाळी झाली, मोहगावची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, काकूंनी अजून "येतो" म्हटलं नव्हतं. एके सकाळी सरांनी मला न सांगता, काकूंना न विचारता, भट्टीत मोठी लाकडं घातली. मी ब्रश तोंडात धरून अंगणात आले तर भट्टीच्या साऱ्या सांध्यांतून पांढरी वाफ निघत होती. सुंदर दिसत होती, धुक्यात एखादं लहान जनावर झोपेत श्वास घेत असावं तशी. मग एक दबका आवाज झाला आणि घुमटाची मागची बाजू आत कोसळली.

सर तिथेच मातीत बसले. काकू बाहेर आल्या. मला वाटलं, आता हे पुन्हा उठायचे नाहीत. काकूंनी पदर खोचला, गरम विटा काठीनं एक एक बाहेर ओढायला सुरुवात केली आणि मला म्हणाल्या, "पोरी, पाणी टाक. माती कालवू." मग सरांकडे न पाहता: "मी जातो मोहगावले. पण ही झाल्याशिवाय नाही जात. म्हणून घाई कराची नाही. समजलं काय?"

सर म्हणाले, "समजलं, बाई." शाळेतल्या मुलासारखे.

दुसऱ्यांदा त्यांनी घाई केली नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीला मूठभर काटक्यांचा विस्तव, मग ओंजळभर, मग जळणाचे दोन फाटे. बंडूभाऊंच्या बगिच्यातली कितीतरी जुनी झाडं डिंक्या रोगानं वाळली होती. त्यांचं लाकूड ते ट्रॅक्टरनं आणून टाकून गेले. संत्र्याचं लाकूड हळू जळतं, त्याची ज्योत लहान, पिवळी, जवळजवळ विचार करत असल्यासारखी. आम्ही तिघं भट्टीच्या तोंडापुढे बसून राहायचो. त्या संध्याकाळी काही झालं म्हणून सांगता येणार नाही. पेरूच्या पानांवर उजेड हलायचा, काकू शेंगा निवडायच्या, सर अधूनमधून म्हणायचे, "पाहा." आणि आम्ही पाहायचो. त्यांनीच मला दाखवलं की भट्टीचा घुमट आधी काजळीनं काळाकुट्ट होतो आणि आच पुरेशी चढली की तीच काजळी जळून जाते. काळ्या आभाळाला मधोमध एक फिकट डाग पडतो, तो पसरत जातो आणि सारा घुमट आतून पांढरा होतो. "वासाची गरजच नाही," ते म्हणायचे. "ती स्वतःच सांगते, झाली म्हणून."

ज्या दिवशी ती पहिल्यांदा पूर्ण पांढरी झाली त्या दिवशी पिझ्झा केला. कणीक आणि मैदा मिसळून काकूंनी पीठ आंबवलं. भेदरं, म्हणजे टमाटे, भाजून, सोलून, ठेचून त्यांची लाल चटणी; नागपूरहून आणलेलं चीज; वर कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर सांबार. पहिला लाकडी फळीलाच चिकटून दुमडला आणि कान धरून ओढलेल्या गोधडीसारखा आत गेला. दुसरा नीट गेला. डोळ्यांदेखत त्याची कड फुगली, तपकिरी झाली, तिच्यावर काळे ठिपके आले. सरांनी तो बाहेर काढला, आणि कापण्याआधी काकूंकडे वळून विचारलं, "शकुंतला, वास कसा आहे?"

"चांगला येऊन राहिला."

"चांगला म्हणजे काय? नीट सांग. मला येत नाही न."

इतक्या वर्षांत काकूंना कुणी वास सांगायला लावला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. "आपल्या लग्नात," त्या म्हणाल्या, "मांडवामागं आचाऱ्याची भट्टी होती. मले हळद लागून होती, भूक लागून होती, अन् कोणी जेवू देत नव्हतं. तवा येत होता असा. थोडासा धूर, थोडासा करपलेला कांदा. अन्... अन् आंबट, ताकाच्या गाडग्यासारखं."

सर ऐकत होते. मग त्यांनी तुकडा तोंडात घातला. कड दाताखाली मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला. त्यांनी तो सगळा खाल्ला, आणि दुसरा मागितला.

त्या आठवड्यात काकू मोहगावला गेल्या. जायच्या आधी सरांनी गॅसचं सिलिंडर काढून माझ्या खोलीत आणून ठेवलं. मी रोज डोकावायचे. रोज त्यांनी भट्टीत काहीतरी केलेलं असायचं: जाड पोळ्या, भाजलेली वांगी, आलू, एकदा तर अस्सल रोडगे. काकूंना फोनवर ते कुरकुरीतपणाची वर्णनं सांगायचे. काकू परतल्या त्या बाळाचे फोटो घेऊनच. पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांनी सरांच्या शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली. शर्ट अंगाला लागू लागला होता.

पुढे त्या भट्टीभोवती माणसं जमू लागली. कुणी पीठ आणायचं, कुणी वांगी, कुणी नुसतं बसायला यायचं. खाण्याआधी सर प्रत्येकाला विचारायचे, "वास सांगा." लोक आधी लाजायचे, मग सांगायचे. प्रयोगशाळेतले जुने सेवक म्हणाले, उन्हात वाळलेल्या पोत्यासारखा. दूधवाल्याची आई म्हणाली, माह्या सासूच्या लुगड्याचा. एका थोराड, अबोल कापूस व्यापाऱ्यानं बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "जिनिंगमधून बाप घरी यायचा, तसा," आणि मग तो अर्धा पिझ्झा हातात धरून बसूनच राहिला. सर कुणाचं खोडून काढायचे नाहीत. ऐकायचे, जसं पूर्वी हुंगायचे तसं, डोळे मिटून.

एकदा मात्र मी त्यांना फार जवळून हरताना पाहिलं. हिवाळ्यातली संध्याकाळ होती, आम्ही तिघंच होतो. सर अचानक उठून उभे राहिले. "येऊन राहिला," ते म्हणाले. "धूर. शकुंतला, धूर येऊन राहिला मला!" काकूंच्या हातातलं ताट खाली पडलं. त्या हसत होत्या आणि रडत होत्या. पण सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी स्वतःच डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हणाले, "तपासा." मी नाकाशी कांदा धरला. ते म्हणाले, धूर. संत्र्याची साल धरली. धूर. साध्या पाण्याची वाटी धरली. ते थांबले, आणि हळूच म्हणाले, "धूर."

मी वाटी खाली ठेवली. त्यांनीच रुमाल सोडला. "आठवण होती," ते म्हणाले. "वास नव्हता." आणि खाली वाकून काकूंचं ताट उचललं, पुसलं, त्यांच्या हातात दिलं. "पण छान होती, शकुंतला. अगदी खऱ्यासारखी."

नंतर माझी बदली पांढुर्ण्याला झाली, माझ्या माहेरी. सौसर सुटलं. फोनवर काकू सांगायच्या, भट्टीला नवीन लिंपण केलं, बाळ चालायला लागलं, यांचं नाक तसंच आहे. मी जाईन जाईन म्हणत राहिले.

मागच्या वर्षी माघात शाळेच्या कामासाठी बसनं सौसरला निघाले होते. मोहगावच्या अलीकडे संत्र्यांनी भरलेला एक ट्रक रस्त्यात आडवा फसला होता, म्हणून आमची बस थांबली. दोन्ही बाजूंना बगिचे, आणि सगळे आंब्या बहारानं पांढरे झालेले. खिडक्यांतून तो वास असा आत आला की बडबडणारी बस गप्प झाली. समोरच्या बाईनं झोपलेल्या पोराला उगाच उचलून खिडकीशी धरलं.

तेव्हा मला ते दोघं दिसले. रस्त्यापासून चार झाडं आत, बंडूभाऊंच्या बगिच्यात. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. काकूंनी एक फांदी खाली ओढून धरली होती. सरांनी तिच्यावरचं एक फूल तोडलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ तोंडात टाकलं. चावलं. संत्र्याचं फूल कडू असतं. त्यांचा सगळा चेहरा आक्रसला. काकू हसायला लागल्या. सरांनी काहीतरी विचारलं असावं, कारण काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनीही एक फूल तोडलं, सरांच्या डोळ्यांत पाहत तोंडात घातलं, आणि तंतोतंत तसाच चेहरा केला.

बस हलली तेव्हा दोघं एकमेकांचा खांदा धरून, वाकून, पाकळ्या थुंकत हसत होते, आणि सर दुसरं फूल तोडायला हात वर करत होते.